चालीखालचा आवाज

मागच्या शनिवारी ह्यूस्टनजवळच्या एका शाळेच्या सभागृहात आई माझ्या शेजारी बसली होती. सांगलीहून ती पहिल्यांदाच इकडे आली आहे. मंचावर तिची नात होती, शंभराहून जास्त मुलांच्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या चमूत, अल्टो हा मुलींमधला खालचा आवाज गाणाऱ्यांच्या मागच्या रांगेत. आमच्या भागातल्या अनेक शाळांमधून निवडलेल्या मुलांचा हा वर्षातला मोठा कार्यक्रम. आधी कॉयर, मग बँड.

त्याआधी तीन आठवडे आईने घरात नातीचा सराव ऐकला होता आणि ती काळजीत पडली होती. "अगं, ही जे म्हणते त्याला चालच नाही," एकदा हळूच मला म्हणाली. खरंच नव्हती. एकाच सुरावर चार-पाच अक्षरं, मग अर्ध्या स्वराने खाली, दोन मात्रा गप्प, की पुन्हा तोच सूर. मुख्य चाल सोप्रानो गाणाऱ्या मुली म्हणतात. अल्टोच्या वाट्याला तिच्याखालचा आवाज येतो, आणि तो एकटा ऐकला तर कुणालाही अपुराच वाटेल.

कंडक्टरने हात वर केले. सोप्रानोंनी सुरुवात केली, दोन ओळींनंतर खालून अल्टो आल्या, मग मुलगे. आईने माझं मनगट धरलं. "तिचा तो सूर इथं लावायचा होता होय!" तीस वर्षं ती भजनी मंडळात टाळ वाजवते, धृपद धरते. मध्यंतरात म्हणाली, "बुवा अभंग उचलतात, पण तो खाली पडू द्यायचा नाही हे टाळकऱ्यांचं काम. तसंच की हे."

आईचं हे वाक्य डोक्यात घोळत असतानाच आमच्या शाळेच्या जुन्या ग्रुपवर नेहमीचा वाद पुन्हा पेटला होता. दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय गायन-वादन शिकलेल्या मुलांना जे वाढीव गुण मिळतात ते ठेवावेत की काढावेत? एक बाजू म्हणते, मुलं गुणांसाठी प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा अशा परीक्षा पटापट उरकतात आणि दहावी झाली की पेटी माळ्यावर जाते. दुसरी बाजू म्हणते, गुण काढले तर आई-बाप मुलांना क्लासला पाठवणारच नाहीत. दोन्ही बाजूंचं निरीक्षण बरोबर आहे. माझा स्वतःचा तबला मध्यमानंतर सुटला, त्यामुळे पहिल्या बाजूला मी नावं ठेवू शकत नाही. पण दोघंही एक गोष्ट धरूनच चालतात: संगीत शाळेच्या बाहेर शिकायचं, फी भरून, आणि शाळेने फक्त त्याची नोंद घ्यायची. मला त्या गृहीतकाशीच भांडायचं आहे.

टेक्सासमध्ये हायस्कूल पूर्ण करायला कलेचा एक क्रेडिट, म्हणजे साधारण वर्षभराचा एक विषय, लागतोच. सरकारी शाळेत बँड, ऑर्केस्ट्रा, कॉयर हे विषय आहेत, गणित-विज्ञानासारखे वेळापत्रकात बसवलेले, आणि ते शिकवायला पगारी शिक्षक आहेत. ट्युबा, बॅसून, फ्रेंच हॉर्न अशी मोठी वाद्यं सहसा शाळाच देते. बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट पालक भाड्याने घेतात किंवा विकत आणतात. अमेरिकेत या गोष्टीची सुरुवात जुनी आहे. बॉस्टनच्या सरकारी शाळांनी 1838 साली गायन अभ्यासक्रमात घेतलं, लोवेल मेसन यांच्या आग्रहाने.

आणि इथला एक नियम मला आमच्या वादावरचं सगळ्यात चोख उत्तर वाटतो. 1984 पासून टेक्सासमध्ये 'नो पास, नो प्ले' आहे. एखाद्या विषयात 70 पेक्षा कमी गुण पडले की ठरावीक काळ खेळाच्या सामन्यांत किंवा बँडच्या स्पर्धांत भाग घेता येत नाही. वाजवायला मिळावं म्हणून मुलं बीजगणिताचा अभ्यास करतात. आपल्याकडे गुण मिळावेत म्हणून गाणं शिकतात. गाडी तीच, पण बैल कुठे जुंपलेत ते बघा.

अशा कार्यक्रमासाठीच्या निवडीची पद्धतही सांगण्यासारखी आहे. मुलाला नाव नसतं, नंबर असतो. परीक्षक पडद्याच्या पलीकडे किंवा पाठ करून बसतात. उन्हाळ्यापासून घोटलेल्या रचना म्हणायच्या, आणि कधीही न पाहिलेले चार-सहा आवर्तनांचे स्वर पुढ्यात ठेवले जातात तेही म्हणायचे. माझी लेक त्या खोलीतून बाहेर आली तेव्हा तिचे तळहात ओले होते. तिची मैत्रीण निवडली गेली नाही. दोघी रडल्या, पण परीक्षकांना कोण कुणाची मुलगी हे माहीत नव्हतं, याबद्दल दोघींच्याही मनात शंका नव्हती. दूरचित्रवाणीवर दहा वर्षांच्या पोराला प्रकाशझोतात उभं करून, आईच्या डोळ्यातलं पाणी कॅमेऱ्याने टिपत जी निवड होते, ती पाहून मला नेहमी त्रास होतो. तिथे एकटं मूल जिंकतं आणि एकटं मूल हरतं. इथे निवड झालेलं मूल दुसऱ्या दिवशी रांगेत उभं राहतं आणि शेजारच्याच्या आवाजात आपला आवाज मिसळतोय का ते ऐकतं.

बँडमध्ये मला हेच पाहायला मिळालं. तिसऱ्या क्लॅरिनेटवर एक किडकिडीत मुलगा होता. त्याच्या वाट्याला सबंध रचनेत मुख्य चाल फार तर आठ आवर्तनं आली असेल. उरलेला वेळ तो मोजत होता: ओठ हलत होते, एक पाय बुटाच्या आत बोटं दाबत होता, डोळे कागदावरून कंडक्टरकडे. पन्नास मात्रा थांबून बरोबर पहिल्या ठोक्याला त्याने वाद्य ओठांना लावलं. ते थांबणं त्याला कुणीतरी शिकवलंय, रोज तासभर, वर्षानुवर्षं. आपल्याकडे गाणारं मूल म्हणजे एकल गायक, हे इतकं ठरून गेलंय की थांबायला शिकवणारा तास आपण कधी मागितलाच नाही.

इथलं सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. शाळांचा बराचसा पैसा त्या त्या भागातल्या मालमत्ता करातून येतो, त्यामुळे सुखवस्तू उपनगरातल्या शाळेत बँडचे तीन-चार शिक्षक आणि गरीब वस्तीत एकच, असं दिसतं. निवडल्या गेलेल्या मुलांपैकी पुष्कळांनी खासगी शिकवण्याही लावलेल्या असतात. माझ्या लेकीलाही होती. मार्चिंग बँडची मुलं ऑगस्टच्या उन्हात डांबरी पार्किंगवर तासन्‌तास कवायत करतात. शाळेबाहेरच्या सरावाला आठवड्याला आठ तासांची मर्यादा घालावी लागली, यावरूनच कळतं की मोठ्यांचा हट्ट कुठवर जाऊ शकतो. आणि एक गोष्ट मला मनापासून खटकते. लेक कागदावरचे स्वर झरझर वाचते, पण आजीने "यमन गुणगुण बघू" म्हटलं तर अडते. कागदाविना स्वर फुलवणं तिला कुणी शिकवलं नाही. आपल्या गुरूसमोर बसून शिकण्यात जे मिळतं ते इथे नाही, आणि ते गमावून कॉयर आणा असं मी म्हणणार नाही.

पण वर्गात संगीत शिकवणं ही परकी कल्पना आहे असं जे म्हणतात त्यांना विष्णु दिगंबर पलुस्करांची आठवण द्यावीशी वाटते. आमच्या सांगलीजवळच्या कुरुंदवाडला 1872 साली जन्मलेल्या या माणसाने 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. घराण्यांच्या दारात अडकलेली विद्या त्यांनी वर्गात आणली, स्वरलिपी केली, क्रमिक पुस्तकं लिहिली. ज्या परीक्षांवरून आज भांडण चाललंय त्या त्यांच्याच परंपरेतल्या. परीक्षा टिकल्या, पण सरकारी शाळेतला वर्ग काही उभा राहिला नाही.

आणि एकत्र वाजवण्याची भूक तर आपल्या मुलांना भरपूर आहे. गणपतीच्या आधी दोन महिने पुण्यात नदीकाठी जाऊन पाहावं. कॉलेजातली, नोकरीतली पोरं-पोरी संध्याकाळी ढोल कमरेला बांधून ताशाच्या इशाऱ्याकडे डोळे लावून उभी असतात. एक चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. या पथकांबद्दलची चर्चा आपल्याकडे आवाजाच्या पातळीवर सुरू होते आणि तिथेच संपते. आवाजाला मर्यादा हवीच, त्यात वाद नाही. पण ही शिस्त शाळेत वर्षभर का मिळू नये, हे कुणी विचारत नाही.

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात कला आणि विज्ञान, अभ्यास आणि अभ्यासेतर यांच्यातली भिंत नको असं लिहिलंय. वाचायला फार छान वाटतं. ग्रुपवरच्या एका मैत्रिणीला मी विचारलं, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिच्या वेळापत्रकात कलेचा तास आहे. तो तीच घेते, म्हणजे बहुतेक वेळा गणिताचा राहिलेला भाग पूर्ण करते, कारण दोन वर्गांना मिळून ती एकटीच आहे. तिला दोष देण्यात अर्थ नाही. पाच शाळांत मिळून एक फिरता संगीतशिक्षक दिला, आठवड्यातला एक दिवस प्रत्येक शाळेला, तरी तिथली मुलं एका वर्षात दोन आवाजांत गायला लागतील. त्याला ट्युबा लागत नाही. गावातला पखवाज, पेटी आणि टाळ पुरतात, आणि शिकवायला भजनी मंडळातली माणसं आनंदाने येतील. आईला विचारलं तर ती उद्या जाईल.

म्हणून वाढीव गुण ठेवा की काढा, यावर मी ग्रुपवर मत दिलं नाही. एवढंच लिहिलं की तुमच्या मुलांच्या शाळेत गाण्याचा तास कोणत्या वारी असतो आणि तो कोण घेतं, ते सांगा. सदतीस जणांच्या त्या ग्रुपवर आतापर्यंत चौघांचं उत्तर आलंय. तिघांनी लिहिलंय, "विचारून सांगतो."