बेनिनच्या ओबांचा राजवाडा: फिरत्या मजकुरातलं काय खरं, काय नाही

आफ्रिकेच्या इतिहासावर मराठीत मुळातच कमी वाचायला मिळतं, म्हणून जे हाती लागतं ते न तपासता पुढे पाठवलं जातं. बेनिनच्या राजाविषयीचा एक दावा असाच बराच फिरतो. थोडक्यात तो असा: ‘आफ्रिकेतल्या बेनिन देशाच्या राजाने राजधानीभोवती चीनच्या भिंतीच्या चौपट, म्हणजे १६,००० किलोमीटर लांबीची भिंत बांधली होती. आत लिस्बनहून मोठं शहर आणि ब्राँझने मढवलेला राजवाडा होता. १८९७ साली इंग्रजांनी एका दिवसात भिंत, शहर, राजवाडा सगळं जमीनदोस्त केलं, राजघराणं संपवलं. आज तिथे काहीच उरलेलं नाही.’

लूट झाली, जाळपोळ झाली, अन्याय झाला, यात तिळमात्र शंका नाही. पण बाकीचा मजकूर खऱ्याखोट्याची भेसळ आहे आणि त्यातलं शेवटचं वाक्य सर्वांत घातक आहे. तो राजवाडा आज उभा आहे, त्यात ओबा, म्हणजे तिथले राजे, राहतात, आणि तो का उभा राहू शकला हीच या इतिहासातली मोलाची गोष्ट आहे.

‘बेनिन देशाचा राजा’

हे राज्य आजच्या नायजेरियात, ईडो प्रांतातल्या बेनिन सिटी या शहरात आहे. लोक ईडो, राजाची पदवी ओबा. शेजारच्या बेनिन या देशाचं नाव १९७५ पर्यंत दाहोमे होतं; बेनिनच्या आखातावरून ते बदललं गेलं. त्या देशातले आबोमेचे राजवाडे १९८५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, पण ते दाहोमेच्या राजांचे. राजघराणं वेगळं, भाषा वेगळी, बांधणीही वेगळी. दोन्हींची माहिती एकत्र कालवली की पुढचं सगळंच चुकतं.

‘चीनच्या भिंतीच्या चौपट’

हा आकडा हवेतून आलेला नाही, म्हणून नीट सोडवून पाहू. बेनिन सिटी आणि आसपासच्या मुलखात मातीच्या खंदकांचं प्रचंड मोठं जाळं आहे. ईडो भाषेत त्याला ‘इया’ म्हणतात. पॅट्रिक डार्लिंग या अभ्यासकाने वर्षानुवर्षं रानातून फिरून त्याची मोजणी केली. सुमारे ६,५०० चौरस किलोमीटर प्रदेशात पाचशेहून अधिक वस्त्यांच्या हद्दी एकमेकींना लागून आहेत आणि त्यांची एकूण लांबी १६,००० किलोमीटरच्या घरात जाईल, असा तो अंदाज आहे. म्हणजे ही एक भिंत नाही, राजधानीभोवतीची तर नाहीच, आणि एका राजाने बांधलेलीही नाही. शेकडो गावांनी काही शतकांत आपापल्या हद्दीवर खणलेल्या चरांची ती बेरीज आहे.

चीनची भिंत धरली तरी चौपट कुठून? चीनच्या सरकारी मोजणीनुसार मिंग काळातली भिंत ८,८५० किलोमीटर, आणि सगळ्या राजवटींच्या भिंती मिळून २१,१९६. पहिल्या आकड्याशी १६,००० चं प्रमाण पावणेदोन पटीहून थोडं जास्त पडतं. दुसऱ्याच्या तुलनेत ते तीन चतुर्थांशच भरतं.

याच मजकुराच्या लांबट आवृत्तीत आणखी दोन आकडे असतात: गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या शंभरपट माल, आणि १५ कोटी तासांची मेहनत. हे आकडे एकमेकांशीच जुळत नाहीत. पिरॅमिडचं घनफळ सुमारे २६ लाख घनमीटर, त्याच्या शंभरपट म्हणजे २६ कोटी. ते १६,००० किलोमीटरवर पसरलं तर दर मीटरला साधारण १६ घनमीटर माती येते. १५ कोटी तास तेवढ्याच लांबीवर वाटले तर दर मीटरला येतात साडेनऊ तास. म्हणजे एका माणसाने तासाला पावणेदोन घनमीटर, जवळजवळ तीन टन लाल माती हातातल्या अवजाराने खणायची आणि टोपलीने बांधावर नेऊन टाकायची, तीही दिवसभर. विहीर खणणाऱ्या कुणालाही विचारा, हे होत नाही.

याच्या शेजारी ग्रॅहम कॉना यांचा हिशेब ठेवा. १९६० च्या दशकात त्यांनी बेनिन सिटीत उत्खनन केलं. शहराच्या आतल्या तटाचा घेर त्यांनी ११.६ किलोमीटर मोजला. एका कोरड्या हंगामात तो उभारायचा तर ५,००० माणसांना रोज दहा तास, ९७ दिवस राबावं लागेल, असा त्यांचा अंदाज. म्हणजे साडेअठ्ठेचाळीस लाख तास, दर मीटरला चारशेच्या वर. गावांचे चर त्या मानाने लहान होते, त्यामुळे त्यांना कमी वेळ लागणार हे उघड आहे. पण आतल्या तटाचा हा आकडा खणणाऱ्याच्या हाताशी जुळतो.

एक गैरसमज उंचीचाही आहे. ‘१७.४ मीटर उंच भिंत’ असं लिहिलं जातं. हे माप खंदकाच्या तळापासून बांधाच्या माथ्यापर्यंतचं आहे. बाहेरच्या बाजूने खोल खणायचं आणि निघालेली माती आतल्या बाजूला रचायची, अशी ही रचना. दगड नाही, वीट नाही. काम कोरड्या दिवसांतच करायचं, कारण भर पावसात ओल्या मातीचा उतार घसरतो आणि खणलेला चर पुन्हा भरतो. परंपरा पहिल्या तटाचं श्रेय तेराव्या शतकातल्या ओबा ओगुओला यांना देते. कॉना यांच्या पुराव्यांनुसार आतला तट पंधराव्या शतकाच्या मध्याचा, म्हणजे ओबा एवुआरे यांच्या काळातला ठरतो. एवढ्या माणसांना तीन महिने कामावर धरून ठेवणारा राजा केवढा सामर्थ्यवान असेल, हे समजायला चीनची भिंत मध्ये आणायची गरजच नाही.

‘लिस्बनहून मोठं शहर’

असं १६९१ मध्ये लोरेन्सु पिंटो या पोर्तुगीज कप्तानाने म्हटलं आहे खरं. नजर पोचेल तिथवर सरळ जाणारे रस्ते, सुबक खांबांचा राजवाडा, चोरीच होत नसल्याने घरांना दारं नाहीत, असं त्याचं वर्णन. ओल्फर्ट डॅपर या डच लेखकाने १६६८ मध्ये राजवाडा हार्लेम शहराएवढा असल्याचं लिहिलं. पण डॅपर स्वतः तिथे कधी गेला नव्हता, त्याने इतरांकडून मिळालेली माहिती जमवली होती. पिंटोनंतर दहाएक वर्षांनी डेव्हिड व्हान न्येनडाल हा डच व्यापारी प्रत्यक्ष बेनिनमध्ये होता. त्याला दिसलं ते यादवी युद्धाने उजाड झालेलं शहर. फिरत्या मजकुरात पिंटो असतो, न्येनडाल नसतो. त्यामुळे राजवाडा १८९७ पर्यंत जसाच्या तसा झळकत होता आणि एका दिवसात कोसळला, असा समज होतो. प्रत्यक्षात तो त्याआधीही मोडला होता आणि अठराव्या शतकात पुन्हा सावरला होता.

हे कसं शक्य झालं, ते बांधणीतून कळतं. भिंती लाल मातीच्या. माती पायाने मळून थरावर थर चढवायचा, एक थर पुरता वाळल्याशिवाय दुसरा घालायचा नाही. घाई केली तर खालचा ओला थर वजनाने फुगून बाहेर येतो. भिंत गुळगुळीत घासून तिच्यावर आडव्या पन्हळी काढायच्या. हा मान ओबा आणि सरदारांच्याच घरांना होता. खोल्या मोकळ्या चौकाभोवती, चारही छपरांचं पाणी चौकात पडणार आणि तिथून मोरीने बाहेर जाणार. चौसोपी वाडा पाहिलेल्याला हे वेगळं समजावावं लागत नाही. बेनिन सिटीत वर्षाला सुमारे २,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पानांचं छप्पर वेळेवर बदललं नाही की पाणी भिंतीच्या माथ्यातून मुरतं, वळचणीच्या शिंतोड्यांनी पाया खरवडला जातो, आणि काही पावसाळ्यांत भिंत बसते. म्हणून राजवाडा सतत बांधत राहावा लागे. शिवाय नवा ओबा गादीवर आला की वडिलांसाठी स्मरणवेदी आणि तिच्यासाठी चौक उभारी. एकदा बांधून पूर्ण झालेली ही वास्तू नव्हतीच. पिढ्यान् पिढ्या वाढत गेलेलं ते चौकांचं गाव होतं. कारभारही तसाच विभागलेला: पोशाख आणि राजचिन्हं इवेबोकडे, ओबांची खाजगी सेवा इवेगुआएकडे, राण्या आणि मुलांची व्यवस्था इबिवेकडे. तिघांची दालनंही वेगवेगळी.

‘ब्राँझने मढवलेला’

ज्यांना बेनिनचे ब्राँझ म्हणतात, ते बहुतांशी पितळ आहे: तांबं आणि जस्त, सोबत थोडं शिसं. धातू मुख्यतः पोर्तुगीज व्यापारातून कड्यांच्या रूपात येई. अशा कड्यांचं पितळ जर्मनीतल्या ऱ्हाइन खोऱ्यातलं असल्याचं २०२३ च्या एका रासायनिक अभ्यासात दिसून आलं.

पितळी फलक राजवाड्याच्या लाकडी खांबांवर ठोकलेले असत; कडेची खिळ्यांची भोकं आजही दिसतात. पण १८९७ मध्ये ते खांबांवर नव्हतेच, एका कोठारात धूळ खात पडलेले सापडले. त्यातला एक फलक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि त्यावर राजवाड्याचंच दार कोरलेलं आहे. खांबांवर पोर्तुगीजांचे चेहरे, वर निमुळतं होत गेलेलं छप्पर, त्यावरून डोकं खाली करून उतरणारा भलामोठा अजगर. न्येनडालनेही बुरुजावर असाच धातूचा साप पाहून लिहून ठेवला आहे. राजवाडा कसा दिसे याचा यापेक्षा चांगला पुरावा मिळणं कठीण.

‘एका दिवसात जमीनदोस्त’

इथे मजकूर इंग्रजांना एका अर्थी सूटच देतो, कारण खरी हकीकत जास्त थंड डोक्याची आहे. प्रभारी महावाणिज्यदूत जेम्स फिलिप्स याने नोव्हेंबर १८९६ मध्ये लंडनला पत्र पाठवून ओबा ओव्हॉनरामवेन यांना पदच्युत करण्याची परवानगी मागितली होती. राजाच्या घरात मिळणाऱ्या हस्तिदंतातून मोहिमेचा खर्च निघेल, अशी आशाही त्याच पत्रात आहे. उत्तराची वाट न पाहता तो निघाला. इगुए उत्सव चालू आहे, आत्ता येऊ नका, असा निरोप त्याला मिळाला होता. ४ जानेवारी १८९७ रोजी वाटेत हल्ला झाला. नऊ गोऱ्यांपैकी सात मारले गेले, त्यांच्यासोबतचे बरेच आफ्रिकी हमालही मेले. हल्ला सरदारांनी केला होता, ओबांच्या इच्छेविरुद्ध.

मग रिअर अ‍ॅडमिरल रॉसनची सुमारे १,२०० जणांची फौज आली आणि १८ फेब्रुवारीला शहर पडलं. पुढच्या दिवसांत राजमातेचं घर आणि काही सरदारांची घरं मुद्दाम उद्ध्वस्त केली गेली. मोठी आग लागली २१ तारखेला. इंग्रजांच्या मते ती अपघाताने लागली, आणि त्यात त्यांचं स्वतःचं सामानही जळालं. फेब्रुवारीचे कोरडे दिवस, वाळलेल्या पानांची छपरं आणि आधीच पेटवलेली घरं, अशा ठिकाणी ‘अपघात’ या शब्दाने जबाबदारी टळत नाही.

पण मातीचा तट मात्र आगीत जळत नाही. इया इंग्रजांनी पाडलेली नाही. तिचं नुकसान पुढच्या शंभर वर्षांत झालं: घरं बांधायला माती खणून नेली, रस्ते काढले, खंदकात कचरा टाकला, पावसाचं पाणी सोडलं. १९६१ पासून ती राष्ट्रीय स्मारक आहे, तरी हे थांबलेलं नाही. आणि तिचे बरेच भाग अजून पाहता येतात.

‘राजघराणं संपलं’

ओव्हॉनरामवेन ऑगस्ट १८९७ मध्ये शरण आले. त्यांना कालाबारला हद्दपार केलं गेलं, जानेवारी १९१४ मध्ये तिथेच ते वारले. त्याच वर्षी २४ जुलैला त्यांचे पुत्र एवेका दुसरे गादीवर बसले. मधल्या सतरा वर्षांत जुन्या राजवाड्याच्या मोठ्या भागावर सरकारी इमारती उभ्या राहिल्या होत्या. कॉना यांच्या उत्खननाच्या काही जागा याच आवारात होत्या. म्हणून एवेकांनी आटोपशीर जागेत नवा राजवाडा बांधला आणि पूर्वजांच्या वेदी एकाच आवारात आणल्या. ते स्वतः कारागीर होते. राजवाड्यात त्यांनी हस्तकलेची शाळा काढली. त्यांच्यानंतर १९३३ मध्ये अकेन्झुआ दुसरे, १९७९ मध्ये एरेडियाउवा, आणि २० ऑक्टोबर २०१६ रोजी एवुआरे दुसरे.

लुटीतल्या वस्तू आता हळूहळू परत येऊ लागल्या आहेत. केंब्रिजच्या जीझस कॉलेजमधला पितळी कोंबडा आणि अ‍ॅबर्डीन विद्यापीठातलं ओबाचं पितळी शिर फेब्रुवारी २०२२ मध्ये राजवाड्यात पोचलं. २०२३ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी अशा वस्तूंचे मालक म्हणून ओबांना मान्यता दिली. २०२५ मध्ये नेदरलँड्सने ११९ वस्तू परत केल्या. ब्रिटिश म्युझियममध्ये मात्र नऊशेहून अधिक आहेत, आणि संग्रहातल्या वस्तू देऊन टाकायला अटकाव करणाऱ्या १९६३ च्या कायद्याकडे बोट दाखवून त्या रोखून धरलेल्या आहेत. हे चूक आहे.

राजवाड्यापासून जवळच इगुन रस्त्यावर ओतारी घराण्यांचे कारखाने आजही चालू आहेत. मातीचा गाभा घडवून तो दिवसचे दिवस वाळवतात. त्यावर मेणाचा थर चढवून नाकडोळे, मण्यांच्या माळा कोरतात. मेणावर आधी अगदी बारीक, मग भरड माती लिंपतात, आणि गाभा हलू नये म्हणून लोखंडी खिळे आरपार घालतात. खिळा सैल राहिला तर गाभा सरकतो आणि ओतलेल्या चेहऱ्याला गालावर भोक पडतं. साचा तापवून मेण गाळायचं, आणि साचा गरम असतानाच भंगारातलं पितळ वितळवून ओतायचं. मातीत ओल राहिली असेल तर वाफेने साचा फुटतो आणि महिन्याभराचं काम जातं. म्हणून पावसाळ्यात हे लोक साचा चुलीजवळ हलवत हलवत वाळवतात.