140 रुपयांच्या मिसळीबद्दल, मालकाकडून उत्तर

नमस्कार सर, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. रविवारी रस्सा गार मिळाला त्याबद्दल मनापासून सॉरी, पोरांना सांगितलंय. पण "140 ला मिसळ, स्मार्ट सिटीच्या नावाखाली लूट चालू आहे" हे जे लिहिलंत ते फार लागलं, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

2016 ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत पुणं देशात दुसरं आलं आणि आपलं औंध-बाणेर-बालेवाडी निवडलं, तेव्हा काउंटरवर पेढे आम्हीच ठेवले होते. औंधात फूटपाथ रुंद झाले, बाकडी आली, छानच झालं, खोटं कशाला बोलू. पण मग गाळ्यांना भाव आला. आमचे जुने मालक काका तोंडी बोलीवर भाडं घ्यायचे, त्यांनी गाळा विकला. नवीन मालकांनी आमच्या भाड्याच्या ॲग्रीमेंटवरच लोन काढलं, लीज रेंटल डिस्काउंटिंग म्हणतात त्याला, म्हणजे आमचं भाडं दर महिन्याला सरळ लोनच्या खात्यात जमा होतं आणि दरवर्षी 5 टक्के वाढ आधीच लिहून ठेवलीये. कमी करा म्हणून गेलो तर म्हणाले, भाडं उतरलं की गाळ्याचं व्हॅल्युएशन उतरतं, फायनान्सवाले ऐकणार नाहीत. शेजारचा गाळा दिवाळीपासून बंद आहे, शटरवरचा बोर्ड उन्हाने पांढरा पडला, पण भाडं रुपयाने खाली येत नाही, ते यामुळेच (नाहीतर रिकामा गाळा सांभाळायची कुणाला हौस असते). वर भाड्यावर 18 टक्के जीएसटी. आम्ही बिलात 5 टक्के लावतो ना, त्यात इनपुट क्रेडिट, म्हणजे आम्ही भरलेला जीएसटी वजा करून घ्यायची सोय, मिळत नाही, म्हणजे ते 18 गेले ते गेलेच. मटकी, फरसाण, तेलाचं तर मी अजून काढलंच नाहीये.

आता उद्धट स्टाफ. तुम्ही बाइक फूटपाथवर चढवली होती, आमच्या पोराने काढा म्हणलं, एवढंच झालं. नंतर दोन कटिंगवर दीड ते साडेचार लॅपटॉप लावून बसलात, बाहेर लोकं टेबलासाठी उभी होती तरी कुणी उठवलं नाही, उलट पंखा तुमच्याकडे फिरवून दिला. ते रिव्ह्यूत कुठे दिसलं नाही. असो.

रेटचं काही करता येतं का बघतोय, हाफ प्लेटचा विचार चालू आहे, रश्श्याला वेगळी शेगडी पण घ्यायचीये जमेल तसं. स्टार वाढवायचे की नाही तुमची मर्जी, पण ते 'लूट' तेवढं जमलं तर काढा, रोजची गिऱ्हाइकं वाचतात. आणि एक्स्ट्रा पावाचे पैसे लावले म्हणताय ते बिल परत एकदा बघा, ती तुमची दुसरी कटिंग आहे.