हरकत नोंदवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

तुमच्या महापालिकेने नियमात बदल सुचवून 'हरकती व सूचना' मागवल्या असतील, तर सुजाण नागरिक म्हणून तुम्ही भाग घेतलाच पाहिजे. फक्त त्याने काही बदलणार नाही, एवढी दक्षता घ्या.

समजा, मैदानाचं आरक्षण उठवायचं आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 मधल्या कलम 37 खाली याला 'किरकोळ फेरबदल' म्हणतात. मूळ विकास आराखड्याचं, म्हणजे शहरातली कुठली जमीन कशासाठी हे ठरवणाऱ्या आराखड्याचं, स्वरूप बदलता कामा नये, असं हेच कलम सांगतं. पण मैदान गेल्याने स्वरूप बदलतं की नाही, हे ज्याच्या घरात लहान मुलं नाहीत त्याने ठरवायचं असतं. हरकतीला मुदत एक महिना. जाहीर सूचना निविदा आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या मधोमध, मुंगीच्या पावलाएवढ्या टायपात छापलेली असते. ती वाचून डोळ्यांना ताण देऊ नका. मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी ओरडेलच.

नकाशा पाहायला नगररचना विभागात तर मुळीच जाऊ नका. गेलात तर काल जिथे हिरवा रंग होता तिथे आज पिवळा दिसेल, आणि पिवळा म्हणजे रहिवास हे कळल्यावर उगाच झोप उडेल.

आता मजकूर. सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक, कलम यातलं काहीही लिहायचं नाही. नेमका मुद्दा मांडलात की साहेबांना त्यावर अभिप्राय द्यावा लागतो, आणि त्यांना आधीच कामं थोडी आहेत का? त्यापेक्षा 'हा जनतेचा विश्वासघात आहे' असं लिहा, पुढे तीन उद्गारचिन्हं द्या. ग्रुपवर आलेला नमुना उचललात तर फारच उत्तम; खाली 'येथे आपले नाव लिहा' तसंच राहिलं तरी बिघडत नाही. अशा शेकडो हरकती एकाच उत्तरात निकालात निघतात. प्रशासनाचा केवढा कागद वाचतो!

ज्याचा त्या जमिनीवर डोळा असतो, तो मात्र उद्गारचिन्हं वापरत नाही. त्याचा आर्किटेक्ट येतो, एक पानी 'सूचना' देतो, सोबत रंगीत नकाशा जोडतो आणि पोच घेऊन जातो. ती सूचना 'अंशतः मान्य' होते. अंश किती, तर त्याला लागेल तेवढा.

मुंबईकरांनी 2015 मध्ये हे पथ्य मोडलं. नव्या विकास आराखड्यातल्या चुका त्यांनी जागेवर बोट ठेवून दाखवल्या. परिणाम काय? एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो मसुदा रद्द करून नव्याने करायला सांगावं लागलं. वर्षानुवर्षांची मेहनत पाण्यात. असला अतिरेक टाळावा.

नगरसेवकाला भेटायचा मोहही आवरा. 2022 नंतर बरीच वर्षं मुंबई-पुण्यात नगरसेवकच नव्हते. प्रस्ताव मांडायचा प्रशासनाने आणि मंजूर करायचा प्रशासकाने. इतकं एकमत सभागृहात कधी दिसलं होतं?

मग सुनावणीचं पत्र येईल. कामाच्या दिवशी, सकाळी अकराची वेळ, जमलं तर सुनावणी उरकल्यावर पोहोचणारं. वेळेत मिळालंच तर जा. तुमची पाळी येईल तेव्हा समोरचे साहेब फोनवर असतील. त्यांचं बोलणं संपेपर्यंत तुमची दोन मिनिटं संपलेली असतील. वाद घालू नका, हजेरीपत्रकावर सही करा. अक्षर सुवाच्य हवं, कारण 'नागरिकांना म्हणणे मांडण्याची पुरेशी संधी देण्यात आली' असं शासनाला कळवताना सोबत तेच जोडायचं असतं.