लंडनचे चार दिवस आणि गिरणगावाचा तिसरा हिस्सा

सुट्ट्या जवळ आल्या की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच वाद पुन्हा सुरू होतो. युरोप बघायचा तर टूर कंपनीबरोबर जायचं की आपलं आपण? कंपनीवाले बारा दिवसांत सात-आठ देश फिरवतात आणि रात्री ताटात वरण-भात असतो, ही एका बाजूची भूमिका. दुसरी बाजू म्हणते, त्यात बसच्या खिडकीतून फोटो काढण्यापलीकडे हाती काय लागतं? मी बरीच वर्षं लंडनमध्ये राहते, म्हणून निवाडा माझ्याकडे येतो. माझं मत पक्कं आहे. पहिल्यांदा येताय आणि हातात चारच दिवस आहेत, तर एकच शहर धरा, आणि त्या शहराचीही यादी निम्मी करा.

लंडनला येतोच आहोत तर दोन दिवस पॅरिसही उरकू, असं म्हणणाऱ्यांनी आधी हिशेब मांडावा. शेंगेन व्हिसावर, म्हणजे फ्रान्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसावर, ब्रिटनमध्ये येता येत नाही आणि ब्रिटनच्या व्हिसावर फ्रान्सला जाता येत नाही. म्हणजे अर्ज दोन, फी दोनदा, बोटांचे ठसेही दोनदा. युरोस्टार रेल्वे सव्वादोन तासांत पोचवते हे खरं, पण स्टेशनवर आधी पोचणं, पासपोर्ट तपासणी, हॉटेल बदलणं यात अर्धा दिवस सरतो. चारातले असे दोन अर्धे गेले की उरलं काय?

पण मला खरं बोलायचंय ते वेगळ्या गोष्टीबद्दल. इथून परत गेलेली आपली माणसं घरी एकच वाक्य सांगतात: "तिकडच्या लोकांना शिस्त आहे, आपल्याकडे नाही." मग फुटपाथ असो, बस असो की नदीकाठ, घरचा प्रत्येक वाद त्या एका वाक्यावर संपतो. मला हे वाक्य मनापासून खटकतं, कारण ते खोटं आहे, आणि ते खोटं कसं हे याच चार दिवसांत पायी फिरून बघता येतं. पाहुण्यांना म्हणूनच मी एक अख्खा दिवस टेम्सच्या दक्षिण काठावर चालायला लावते.

वेस्टमिन्स्टर पूल ओलांडायचा आणि नदी डाव्या हाताला ठेवून टॉवर ब्रिजपर्यंत जायचं. साडेचार किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, रमतगमत गेलं तर दिवस सहज जातो. सुरुवातीलाच लंडन आय हा भलामोठा पाळणा लागतो. तिथं तिकिटाच्या रांगेत उभं राहू नका, पुढे चला. पुढे रॉयल फेस्टिव्हल हॉल येतो, १९५१ साली उभा राहिलेला. त्याची लॉबी १९८३ पासून दिवसभर सगळ्यांना खुली आहे. काहीही विकत न घेता आत बसा, स्वच्छतागृह वापरा, कुणी हटकत नाही. म्हाताऱ्या माणसांना घेऊन फिरताना ही माहिती कुठल्याही तिकिटापेक्षा मोलाची आहे, कारण लंडनच्या रस्त्यांवर सार्वजनिक स्वच्छतागृहं फार कमी आहेत.

तिथून थोडं पुढे बर्नी स्पेन गार्डन्स नावाची छोटी बाग आहे. माझी मावशी आली होती तेव्हा आम्ही तिथं बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. समोर नदी होती, मागे बुटकी विटांची घरं, एका दारात मुलांच्या सायकली आडव्या पडलेल्या. मावशी डबा उघडायच्या आधी दोनदा मागे वळून बघत म्हणाली, "अगं, इथं बसलं तर चालतं ना? कुणी उठवणार नाही ना?" तिचं सगळं आयुष्य लालबागेत गेलं. मोकळी जागा दिसली की ती कुणाची, हे आधी विचारायची सवय तिला मुंबईनं लावली आहे.

त्या बागेची गोष्ट मी तिला तिथंच सांगितली. सत्तरच्या दशकात या पट्ट्यात कचेऱ्यांचे मनोरे उभे करायचा बेत होता. तिथल्या रहिवाशांनी विरोध केला. त्यांना कामगारांना परवडतील अशी घरं हवी होती आणि नदीकाठ सगळ्यांसाठी खुला हवा होता. सरकारी सुनावण्या झाल्या, वर्षानुवर्षं भांडण चाललं. अखेर १९८४ मध्ये तेव्हाच्या ग्रेटर लंडन कौन्सिलनं ती १३ एकर जमीन कॉइन स्ट्रीटच्या रहिवाशांच्या संस्थेला दहा लाख पौंडांत विकली. दोनच वर्षांनी, १९८६ मध्ये, ते कौन्सिलच बरखास्त झालं. आज तिथं सहकारी घरं आहेत, बाग आहे, आणि आपण ज्यावरून चालतो तो काठ आहे. बागेला नाव दिलंय त्या लढ्यातल्या एका बाईचं, बर्नाडेट स्पेनचं.

आता लालबाग-परळ आठवा. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला: गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. कागदावर ही वाटणी कॉइन स्ट्रीटच्या तोडीची होती. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी गिरणीच्या आवारातल्या फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. उच्च न्यायालयानं २००५ मध्ये तो अर्थ नाकारला, सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये मालकांच्या बाजूनं निकाल दिला. शहराचा हिस्सा आटला आणि मॉल नि टॉवर उभे राहिले. गिरणी कामगार अजून घरासाठी आझाद मैदानात बसतात आणि त्यांना मुंबईबाहेर दूर शेलू-वांगणीची वाट दाखवली जाते. यात शिस्तीचा प्रश्न कुठे आला? आपल्या माणसांनी लढा कमी दिला होता का?

लंडनमध्येही, याच काठावर उलट झालेलं दाखवता येतं. बर्नी स्पेन गार्डन्सवरून पुढे गेलं की टेट मॉडर्न लागतं. पूर्वी ते बँकसाइडचं वीजकेंद्र होतं, १९८१ ला बंद पडलं आणि २००० मध्ये कलासंग्रहालय होऊन उघडलं. त्याच्या टर्बाइन हॉलमध्ये कुणीही फुकट जाऊन बसावं. नदीच्या वरच्या अंगाला, वेस्टमिन्स्टरच्याही मागे, बॅटरसीचं वीजकेंद्र आहे, त्याच वास्तुरचनाकाराच्या, जाइल्स गिल्बर्ट स्कॉटच्या हातचं. ते २०२२ मध्ये मॉल आणि महागड्या फ्लॅटांच्या रूपात उघडलं. तिथं परवडणारी ६३६ घरं व्हायची होती, २०१७ मध्ये तो आकडा ३८६ वर आणायला परवानगी मिळाली. नदी तीच, माणसंही तीच. फरक पडला तो जमीन कुणाच्या हाती गेली आणि अटी कुणी घातल्या यानं. मुंबईच्या कोस्टल रोडलगतच्या मोकळ्या जागेबद्दल किंवा पुण्यात मुठेकाठच्या झाडांबद्दल जे भांडताहेत, त्यांनी ही दोन वीजकेंद्रं एकाच दिवशी बघावीत असं मला फार वाटतं.

याला घरून एक उत्तर नेहमी येतं: हे सगळं आपल्याच पैशावर उभं आहे. ते मी उडवून लावत नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं बघताना, टॉवर ऑफ लंडनमध्ये सरकत्या पट्ट्यावरून कोहिनूरसमोरून पुढे ढकललं जाताना राग येतो आणि यावाच. साताऱ्यात २०२४ मध्ये आणलेली वाघनखं व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमनं परत दिलेली नाहीत, मुदतीवर दिली आहेत. आणि ती महाराजांनीच वापरलेली आहेत याची खात्री ते म्युझियमही देत नाही. तो वाद चालू राहिला पाहिजे. पण लुटीचा पैसा १९८४ मध्येही इथं होताच, तरी रहिवासी भांडले नसते तर त्या जागी मनोरेच असते. एका रागानं दुसरा प्रश्न मिटत नाही.

बाकीच्या दिवसांबद्दल थोडक्यात. एक दिवस साउथ केन्सिंग्टनला द्या, तिथली तिन्ही मोठी म्युझियमं फुकट आहेत, पण एका दिवशी तिन्ही करू नका. एक दिवस ब्रिटिश म्युझियमचा आणि १० किंग हेन्रीज रोडचा. १९२१-२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर राहिले ते घर महाराष्ट्र शासनानं २०१५ मध्ये विकत घेतलं. शेजारच्या काहींची तक्रार आणि परवानगीचा वाद होऊन २०२० मध्ये ते स्मारक म्हणून मान्य झालं. चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येतं, वेळ आधी बघून घ्या. मादाम तुसाँच्या मेणाच्या पुतळ्यांपुढे रांग लावून या घरी न जाणारे मराठी पाहुणे बघितले की मला वाईट वाटतं. लागूनच प्रिमरोझ हिल आहे, टेकडीवरून अख्खं शहर दिसतं. शेवटचा दिवस ग्रीनिचला किंवा टॉवरला, पण पैसे देऊन बघायची जागा एकच निवडा.

बस-रेल्वेचं भाडं बँकेचं कार्ड यंत्राला टेकवून देता येतं. एवढंच लक्षात ठेवा की एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं आणि दिवसभर तेच टेकवायचं. रोजच्या भाड्याला कमाल मर्यादा असते. बसचं भाडं अंतरावर नसतं आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात बस बदलली तर पुन्हा पैसे पडत नाहीत. बसमध्ये रोख रक्कम घेत नाहीत. भुयारी रेल्वेच्या जेमतेम एक तृतीयांश स्टेशनांवर पायऱ्या टाळून जाता येतं, म्हणून गुडघेदुखी असलेल्यांनी बसच धरावी. इथली प्रत्येक बस खालच्या फरशीची आहे, चाकाची खुर्चीही आत जाते. ट्राफल्गर चौकाजवळून १५ नंबरची बस वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसून टॉवरपर्यंत घ्या, फ्लीट स्ट्रीट आणि सेंट पॉल्स वाटेत दिसतात. फोन हातात धरून फुटपाथच्या कडेला उभं राहू नका, सायकलवरून येऊन हिसकावतात. आणि डिसेंबरात तिकीट स्वस्त मिळालं तरी चार वाजता अंधार होतो हे धरून चला. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो.

मुंबईत होते तेव्हा बेस्टची बस मी रोज वापरत होते. २०२५ च्या मे महिन्यात तिचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं, तेव्हा ग्रुपवर चार जणांनी लिहिलं की तोट्यातली सेवा किती दिवस पोसायची. त्यातले दोघे इथं येऊन गेलेले आहेत आणि इथल्या बसचं तोंड भरून कौतुक करतात. लंडनची बसही नुसत्या तिकिटावर चालत नाही, तिला सार्वजनिक पैसा लागतो. गाड्यांना शहराच्या मध्यात शिरायला २००३ पासून शुल्क पडतं. त्याला तेव्हा कडाडून विरोध झाला होता, तरी महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी ते लावलं आणि कायद्यानं तो पैसा वाहतुकीवरच खर्च करायचा असतो. त्या दोघांना मी हे लिहून पाठवलंय. पुढच्या खेपेला येतील तेव्हा दक्षिण काठावर त्यांच्याशी सविस्तर बोलेन.