फितूर आणि फितवणारे

उत्तर आयर्लंडमधल्या पश्चिम बेलफास्टच्या भिंतींवर एकेकाळी जागोजागी एकच धमकी रंगवलेली असे: टाउट असाल तर गोळी खाल. आपल्याकडे टाउट म्हटलं की कोर्टाच्या आवारात पक्षकार गाठणारा दलाल डोळ्यांपुढे येतो. इथे टाउट म्हणजे खबऱ्या, आणि याहून वाईट शिवी इथे नाही. दारुडा, चोर, बायकोवर हात उचलणारा, सगळे गल्लीत खपून जातात. टाउटचं घर मात्र नातवंडांच्या काळातही टाउटचंच घर असतं.

महाराष्ट्राला हे वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी २०२५मध्ये ‘छावा’ पडद्यावर आला, त्यात गणोजी आणि कान्होजी शिर्क्यांना फितूर दाखवलं म्हणून शिर्के घराण्याचे वंशज संतापले आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी दिलगिरी व्यक्त केली. संगमेश्वरची घटना १६८९ची, म्हणजे हा डाग ३३६ वर्षांनीही अंगाला लागतो. खरा फितूर कोण, यावर समाजमाध्यमांत बखरी आणि वंशावळी निघाल्या. पण ज्याने छापा घातला त्या मुकर्रबखानाबद्दल फारसं कोणी बोललं नाही. बातमी त्याच्यापर्यंत कोणत्या वाटेने आली? बातमी देणाऱ्याला काय कबूल केलं होतं? त्यातलं काय पाळलं? आपला सगळा राग फितुरावर खर्च होतो, फितवणारा नुसता हुशार ठरतो. बेलफास्टमध्ये गेली पंचवीसेक वर्षं वाद चालू आहे तो नेमका फितवणाऱ्याबद्दल.

या वादाची शिकवणी घ्यायची तर ‘शॅडो डान्सर’ पाहावा. चित्रपट २०१२चा, दिग्दर्शक जेम्स मार्श. कादंबरी आणि पटकथा दोन्ही टॉम ब्रॅडबीची. तो १९९३ ते १९९६ या काळात आयर्लंडमध्ये दूरचित्रवाणीचा वार्ताहर होता, आणि ते जाणवतं. (पुढे कथेतलं गुपित फोडणार आहे. ज्यांना थरार हवा त्यांनी आधी चित्रपट पाहून यावं.) साल १९९३. आयआरए, म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून तोडण्यासाठी लढणारी सशस्त्र संघटना. तिच्यासाठी काम करणारी कोलेट मॅकव्ही लंडनच्या भुयारी रेल्वेत बॉम्बची पिशवी ठेवून निघते आणि पकडली जाते. एमआय-फाइव्ह या ब्रिटनच्या अंतर्गत गुप्तचर खात्याचा अधिकारी मॅक तिच्यापुढे दोन वाटा ठेवतो: वर्षानुवर्षांचा तुरुंग आणि लहान मुलाची ताटातूट, नाहीतर घरी परत जाऊन सख्ख्या भावांची खबर देणं. अँड्रिया रायझबरोने ही कोलेट इतकी कमी बोलून उभी केली आहे की तिचा लाल कोटच जास्त बोलतो. कोणती खबरी बाई असा कोट घालून भेटायला जाईल, हा प्रश्न दिग्दर्शकाला विचारू नये.

तपशील मात्र बराचसा पक्का आहे. १९९२पासून ब्रिटनच्या मुख्य भूमीवर आयआरएविरुद्धच्या हेरगिरीची सूत्रं एमआय-फाइव्हकडे आली होती, म्हणून लंडनमध्ये सापडलेली बाई मॅकच्या हाती लागते हे बरोबर. बेलफास्टमध्ये मात्र राज्य होतं स्थानिक पोलिसांच्या स्पेशल ब्रँचचं. लष्कराचं खबरी सांभाळणारं वेगळं पथक होतं, ‘फोर्स रिसर्च युनिट’ नावाचं. म्हणजे एकाच गल्लीत तीन मालकांची तीन माणसं, आणि मालक एकमेकांना सगळं सांगतातच असं नाही. उत्तर आयर्लंडमधली सूत्रं एमआय-फाइव्हकडे गेली ती २००७मध्ये, युद्ध संपल्यावर.

खबरी तयार कसा होतो? पैशाने होतो, पण पैशाने मिळालेला माणूस पैसे दिसू लागले की सापडतो. जास्त करून होतो अडचणीने. १९७४च्या दहशतवादविरोधी कायद्याखाली संशयिताला ४८ तास आणि वरून परवानगी घेऊन आणखी पाच दिवस, असं एकूण सात दिवस आरोप न ठेवता डांबता येई. बेलफास्टमधलं त्याचं ठिकाण म्हणजे कॅसलरे. यातली मेख अशी की माणूस आत गेल्याचं सगळ्या मोहल्ल्याला कळलेलं असतं. बाहेर आल्यावर आयआरएचा अंतर्गत सुरक्षा विभाग त्याची पुन्हा उलटतपासणी घेई: किती वेळा बसवलं, कोण होते, फोटो कोणाचे दाखवले, काय देऊ केलं. जो ‘काहीच देऊ केलं नाही’ म्हणेल त्याच्यावर संशय दाट, कारण देऊ सगळ्यांनाच करत. चित्रपटातला केविन मल्व्हिल या विभागाचा माणूस. कोलेटची चौकशी चालू असताना शेजारच्या खोलीत एकजण शांतपणे जमिनीवर प्लास्टिक अंथरतो. पूर्ण चित्रपटात याहून भीतिदायक दृश्य नाही, आणि त्यात कोणी आवाजही चढवत नाही.

खरी अडचण यानंतर सुरू होते, आणि ती साध्या गणिताची आहे. एखादा कट चौघांना माहीत आहे. खबर मिळाली, पोलीस नेमके तिथे पोचले, की संशयित चारच उरतात. मग फितवणाऱ्यापुढे पर्याय तीन. कट होऊ द्यायचा आणि माणूस मरू द्यायचा. रस्त्यावर ‘सहज’ गस्त ठेवून कट मोडायचा, पण हे योगायोग एकदोनदाच पचतात. नाहीतर सापळा लावायचा. ८ मे १९८७ला लाफगॉल इथे लष्कराच्या खास तुकडीने पोलीस ठाण्यावर चालून आलेल्या आयआरएच्या आठ जणांना टिपलं, सोबत रस्त्याने जाणारा एक निरपराध माणूसही मेला. अशा प्रत्येक सापळ्यानंतर आत शोध सुरू होई: बोललं कोण?

आणि इथे चौथा पर्याय येतो, ज्याबद्दल हा चित्रपट आहे. चौघांतला आपला माणूस वाचवायचा तर संशय उरलेल्या तिघांपैकी कोणावर तरी वळवायचा. मॅकच्या लक्षात येतं की त्याच्या वरिष्ठ बाईंनी, केट फ्लेचरने, कोलेटला फितवलंच मुळी एका जुन्या, जास्त मोलाच्या खबऱ्याला झाकण्यासाठी. कोलेट पकडली जायला ठेवलेली आहे. तो जुना खबरी म्हणजे कोलेटची आई. पुढे काय होतं ते सांगत नाही.

हे पटकथेसाठी रचलेलं वाटत असेल तर स्टेकनाइफचं प्रकरण वाचावं. हे लष्कराच्या एका खबऱ्याचं टोपणनाव. तो खबरी होता खुद्द त्या अंतर्गत सुरक्षा विभागात, म्हणजे खबरी हुडकून मारणाऱ्या विभागात. वृत्तपत्रांनी २००३मध्ये फ्रेडी स्कॅपाटिची हे नाव छापलं, त्याने ते नाकारलं, देश सोडला आणि २०२३मध्ये तो वारला. त्या विभागाशी निगडित हत्या आणि अपहरणांचा तपास ‘ऑपरेशन केनोव्हा’ने २०१६पासून केला, प्रकरणं १०१. स्टेकनाइफमुळे शेकडो जीव वाचले असं वर्षानुवर्षं सांगितलं जात होतं. मार्च २०२४च्या अंतरिम अहवालाने कागद तपासून आकडा काढला: वाचलेले जीव दहाच्या आसपास, फार तर थोडे अधिक. आणि त्याला राखण्यापायी वाचलेल्यांपेक्षा गेलेले जीव बहुधा जास्त. सरकारचा एक माणूस वाचवायला इतर माणसं मरू दिली गेली, आणि त्यांत सरकारचीही होती.

हे एकाच बाजूला झालं नाही. ब्रिटननिष्ठांच्या ‘अल्स्टर डिफेन्स असोसिएशन’मध्ये लष्कराचा खबरी होता ब्रायन नेल्सन, क्रमांक ६१३७. तो जर्मनीत कामाला होता, १९८७मध्ये लष्कराने त्याला परत आणलं. संघटनेत त्याचं काम होतं कोणाला मारायचं त्याची टिपणं ठेवणं: फोटो, पत्ता, गाडी. १२ फेब्रुवारी १९८९ला याच संघटनेकडून रविवारच्या जेवणावर बसलेले वकील पॅट फिनुकेन यांना बायको आणि तीन मुलांदेखत गोळ्या घातल्या गेल्या. १९९२मध्ये नेल्सनने खुनाच्या कटांचे गुन्हे कबूल केले, दहा वर्षं शिक्षा झाली, आणि खरं नाव न सांगता ‘कर्नल जे’ म्हणून साक्ष देणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याने कोर्टात त्याची तारीफ केली. २०१२च्या डी सिल्व्हा अहवालाने दाखवलं की १९८५मध्ये त्या संघटनेकडच्या गुप्त माहितीपैकी ८५ टक्के माहिती सुरक्षा दलांकडूनच झिरपलेली होती. अहवालाचा त्याहून बोचरा निष्कर्ष रुक्ष आहे: खबऱ्याने गुन्ह्यात कुठवर उतरावं याचा स्पष्ट नियमच एकामागून एक आलेल्या सरकारांनी केला नाही. पोलीस आणि लष्कर मागत होते. लेखी दिलं तर जबाबदारी येते, म्हणून कोणी दिलं नाही.

माझ्या मते थरारपटांच्या हातून निसटतं ते हेच. तिथे सगळा पेच मनाचा असतो: निष्ठा, अपराध, प्रेम. (मॅक कोलेटमध्ये गुंततो, आणि चित्रपट तिथेच थोडा सैल होतो.) प्रत्यक्षात बिघडलं ते दप्तर. २०००च्या कायद्याने ब्रिटनने ते सुधारायचा प्रयत्न केला. आता प्रत्येक खबऱ्यामागे रोजचा संबंध ठेवणारा एक अधिकारी, त्याच्यावर नजर ठेवणारा दुसरा, आणि नोंदी राखण्याची जबाबदारी नेमून दिलेला कोणीतरी लागतो. जो खबऱ्याला भेटतो त्यानेच त्याचा हिशेब तपासायचा नाही, एवढंच तत्त्व. चित्रपटात ते नाही म्हणून तर मॅकला स्वतःच्याच कचेरीतल्या फाइली चोरून चाळाव्या लागतात. सगळं छान झालं असंही नाही. २०२१च्या कायद्याने खबऱ्याला गुन्हा करायची अधिकृत परवानगी देता येते, आणि कोणते गुन्हे कधीच चालणार नाहीत याची यादी त्यात नाही. विरोधकांनी मागितली होती. सरकारचं उत्तर: यादी छापली तर टोळ्या तेच गुन्हे करायला लावून माणूस पारखतील. उत्तर अगदीच पोकळ नाही, पण खून यादीत घालायला काय हरकत होती ते मला अजून कळलेलं नाही.

आता घरची चर्चा. ‘यंत्रणांना मोकळा हात द्या’ हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक स्फोटानंतर येतं, आणि परदेशात बसून त्यावर बोलणाऱ्याला ‘तुमचं काय जातं’ असं ऐकावं लागतं. रास्त आहे. खबऱ्यांशिवाय बेलफास्टमध्येही भागलं नसतं. साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली, खबरी नसते तर आणखी मेली असती. पण मोकळा हात म्हणजे काय ते इथे तीस वर्षं चालवून पाहिलेलं आहे. आपल्याकडे इंटेलिजन्स ब्यूरोला आजही संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नाही. मनीष तिवारींनी २०११मध्ये खासगी विधेयक मांडलं, त्याचा कायदा झाला नाही. या विषयात राजकीय नेते फोन चोरून ऐकण्याच्या वादापलीकडे रस घेत नाहीत. खबऱ्याला काय करू द्यायचं हा प्रश्न तर चर्चेत येतच नाही.

मुंबईने याची किंमत चुकवलेली आहे. डेव्हिड हेडली अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबरी होता. त्यानेच २००६ ते २००८ दरम्यान मुंबईत येऊन २६/११च्या ठिकाणांची पाहणी केली. अमेरिकेत त्याला २०१३मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१६मध्ये तो पडद्यावरून मुंबईच्या कोर्टापुढे माफीचा साक्षीदार म्हणून बोलला. त्याने काय सांगितलं यावर आपल्या वाहिन्या दिवसरात्र बोलल्या. त्याला बाळगणाऱ्यांना काय ठाऊक होतं हा प्रश्न तेवढा वेळ टिकला नाही.

आणि गडचिरोली. भामरागड, एटापल्लीकडे ‘पोलिसांचा खबऱ्या’ ठरवून माओवाद्यांनी गावकरी मारले, प्रेताजवळ तसं पत्रक ठेवलं. अशा वेळी पोलीस म्हणतात, तो आमचा माणूस नव्हता. खरंही असेल, पण खबरी असता तरी पोलीस हेच म्हणाले असते, म्हणून त्या नकाराला गावात किंमत नाही. ब्रिटिश सरकारचं ठरलेलं वाक्य वेगळं, ‘दुजोरा नाही आणि इन्कारही नाही’. ते खऱ्या खबऱ्याला झाकतं आणि खोटा आळ आलेल्याला तसंच लटकत ठेवतं. दहा मुलांची आई जीन मॅककॉनव्हिल हिला आयआरएने १९७२मध्ये खबरी म्हणून उचलून मारलं, गुपचूप पुरलं. तिचे अवशेष २००३मध्ये समुद्रकिनारी सापडले. मुलांनी पोलीस लोकपालाकडे अर्ज केला. लोकपाल पोलिसांबाहेरची, तिला फाइली पाहायचा अधिकार. तिने ते ठरलेलं वाक्य बाजूला ठेवून २००६मध्ये लेखी दिलं की मॅककॉनव्हिलने खबर दिल्याचा पुरावा नाही.

महाराष्ट्रात राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, पण ते पोलिसांच्या गैरवर्तनासाठी. ‘माझा नवरा खबरी नव्हता, दप्तर पाहून तेवढं लिहून द्या’ ही तक्रार गैरवर्तनात बसत नाही. एटापल्लीहून असा अर्ज पाठवायचा तर पाकिटावर पत्ता कोणाचा घालायचा?