सुनीता विल्यम्स यांना कुणीही वाऱ्यावर सोडलं नव्हतं

‘बायडेनने आपल्या भारतकन्येला नऊ महिने अवकाशात मरायला सोडलं आणि ट्रम्प-मस्क जोडीने तिला जिवंत परत आणलं’ हा मजकूर आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा पुन्हा येत राहिला आणि मी दर वेळी तो सोडून दिला. पण आता आठवीतल्या माझ्या भाचीने तो वक्तृत्व स्पर्धेसाठी वहीत जसाच्या तसा उतरवून घेतलाय. कल्पना चावलांचं नाव असलेल्या ओळीच्या अगदी खाली. ते पाहिल्यावर गप्प बसणं जमलं नाही.

मजकुरातला पहिला मुद्दा: ‘आठ दिवसांसाठी पाठवलं आणि परत आणायची सोयच केली नाही.’

5 जून 2024 ला सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर बोइंगच्या स्टारलायनरमधून गेले. हे त्या यानाचं माणसांसह पहिलंच चाचणी उड्डाण होतं. दोघंही नौदलातले मुरलेले चाचणी वैमानिक. चाचणीत काय बिघडू शकतं हे त्यांना ठाऊक होतं आणि मुक्काम लांबला तर काय करायचं याचं प्रशिक्षणही त्यांनी घेतलं होतं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाजवळ पोहोचताना यानाचे पाच थ्रस्टर, म्हणजे यानाला वळवणारी छोटी इंजिनं, बंद पडले. त्यातले चार पुन्हा चालू झाले. हेलियमची गळतीही होती. बिघाड नेमका कशामुळे झाला हे शोधायला जमिनीवर, न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सला, तसाच थ्रस्टर पेटवून पाहिला गेला. 24 ऑगस्टला नासाने जाहीर केलं की स्टारलायनर रिकामं परत येईल आणि हे दोघं मस्क यांच्या स्पेसएक्स कंपनीच्या ड्रॅगन यानातून येतील.

आता एक तारीख नीट लक्षात ठेवा. 29 सप्टेंबर 2024. त्या दिवशी क्रू-9 चं, म्हणजे स्थानकावर पाळीने जाणाऱ्या तुकडीचं, ड्रॅगन स्थानकाला जोडलं गेलं. चार जागांच्या त्या यानातून निक हेग आणि अलेक्सांद्र गोर्बुनोव्ह असे दोघंच वर गेले होते. उरलेल्या दोन जागा सुनीता आणि बुच यांच्यासाठी रिकाम्या ठेवल्या होत्या. त्यासाठी झेना कार्डमन आणि स्टेफनी विल्सन या दोघी अंतराळवीरांना आपल्या जागा सोडाव्या लागल्या. अमेरिकेत मतदान झालं 5 नोव्हेंबरला. म्हणजे निवडणुकीच्या महिनाभर आधीपासून परतीचं यान दाराशी उभं होतं आणि 18 मार्च 2025 ला दोघं उतरले ते त्याच यानातून. ट्रम्प आल्यावर सुटकेसाठी वेगळं यान कुणीही धाडलेलं नाही. तिथेच हा मजकूर संपतो खरं तर.

‘यान दाराशी होतं तर लगेच का नाही आणलं?’ असं माझ्या मेहुण्यांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. क्रू-9 चे चौघं पुढची तुकडी यायच्या आधी निघाले असते तर स्थानकावर अमेरिकेचा एकटा डॉन पेटिट उरला असता, सोबत दोन रशियन. एवढ्या मोठ्या स्थानकाचा अमेरिकी भाग एका माणसाने सांभाळायचा? म्हणून त्यांना स्थानकाच्या नेहमीच्या पाळीत सामावून घेतलं आणि परतीचा बेत फेब्रुवारी 2025 चा ठरला. पुढे क्रू-10 चं, म्हणजे पुढच्या तुकडीचं, नवं ड्रॅगन वेळेत तयार होईना, म्हणून 17 डिसेंबरला तो मार्चअखेरीपर्यंत पुढे ढकलला गेला. उशीर झाला तो स्पेसएक्सच्या यानामुळे, हेही या मजकुरात कुठे नाही.

आता जे थोडं खरं आहे तेही सांगते, नाइलाजाने. फेब्रुवारी 2025 मध्ये नासाने क्रू-10 साठी नव्याऐवजी वापरलेलं ड्रॅगन घ्यायचं ठरवलं आणि परतीची तारीख सुमारे दोन आठवडे अलीकडे आली. तेव्हा ट्रम्प आणि मस्क यांची जाहीर विधानं चालूच होती, त्यांचा दबाव शून्य होता असं मी म्हणणार नाही. आपण आधीच परत आणायची तयारी दाखवली होती, असं मस्क सांगतात. विल्मोर यांनी अवकाशातूनच पत्रकारांना सांगितलं की मस्क म्हणतात ते खरंच असेल, पण काय देऊ केलं, कुणाला देऊ केलं, याची आम्हाला काहीही माहिती नाही. याच स्थानकाचे माजी कमांडर आंद्रेयास मोगेन्सन यांनी ‘सोडून दिलं’ हा आरोप उघडपणे खोटा म्हटला, तर मस्क यांनी त्यांना शिवी दिली. पुरावा दिला नाही.

‘उपाशी ठेवलं, गाल बसले.’ नोव्हेंबर 2024 मध्ये एका फोटोवरून हे उठलं. सुनीता यांनी स्वतः सांगितलं की वजन होतं तेवढंच आहे, वजनरहित अवस्थेत शरीरातले द्रव वर सरकतात म्हणून चेहरा वेगळा दिसतो. मालवाहू यानं येत होती, जेवण होतं. परतल्यावर स्ट्रेचरवरून नेलं त्याचाही बाऊ झाला, पण महिनोन्महिने राहून आलेल्या अंतराळवीरांना तसंच नेतात.

‘ग्रंथपठणाच्या बळावर जगल्या.’ 2006 च्या पहिल्या मोहिमेत त्यांनी भगवद्गीता आणि गणपतीची छोटी मूर्ती सोबत नेली होती, हे खरं. त्यापुढचं सगळं कुणीतरी रचलेलं आहे. ‘ओव्हरटाइम बुडवला’ हेही तसंच. सरकारी दौऱ्याप्रमाणे पगार आणि किरकोळ खर्चाचे दिवसाला 5 डॉलर, हा नियम सगळ्यांना सारखा.

मला सगळ्यात जास्त चीड आली ती शेवटच्या मुद्द्याची. ‘रिकामं स्टारलायनर तर सुखरूप उतरलं! म्हणजे त्यातूनच आणता आलं असतं, नासाच्या भेकड अधिकाऱ्यांनी मुद्दाम आणलं नाही.’

हो, 7 सप्टेंबरला ते व्हाइट सँड्सला सुखरूप उतरलं. पण ज्या मुलीने हे वाक्य वहीत लिहिलंय तिने त्याच्या वरच्याच ओळीत कल्पना चावलांना वंदन केलंय. त्या कशा गेल्या?

16 जानेवारी 2003 ला त्यांचं यान, कोलंबिया, उडालं. 82 सेकंदांनी बाहेरच्या टाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. हे दुसऱ्याच दिवशी चित्रफितीत दिसलं. अभियंत्यांनी पंखाचे फोटो काढून द्या अशी मागणी पुन्हा पुन्हा केली, वरच्यांनी ती पुढे जाऊच दिली नाही. कारण? आधीच्या उड्डाणांतही फोम सुटला होता आणि ती यानं सुखरूप उतरली होती. 1 फेब्रुवारीला टेक्सासच्या आकाशात कोलंबियाचे तुकडे झाले, सात जण गेले. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये चौकशी मंडळाचा अहवाल आला. या अपघाताला फोम जितका कारणीभूत तितकीच नासाची कार्यसंस्कृती, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. मागच्या वेळी निभावलं म्हणून या वेळीही निभावेल, या सवयीवर त्या मंडळाने नेमकं बोट ठेवलं होतं.

‘रिकामं सुखरूप उतरलं म्हणजे माणसांसह आणायला हवं होतं’ हा तोच युक्तिवाद आहे. अगदी तोच. थ्रस्टर का बिघडले याचं पक्कं उत्तर हातात नव्हतं. उतरताना ते पुन्हा बंद पडले असते तर? 2003 मध्ये शंका काढणाऱ्यांना गप्प केलं गेलं, 2024 मध्ये त्यांचं ऐकलं गेलं. निर्णय सांगताना नासाचे तेव्हाचे प्रमुख बिल नेल्सन यांनी चॅलेंजर आणि कोलंबिया या गमावलेल्या यानांची आठवण काढली. जानेवारी 1986 मध्ये, चॅलेंजर फुटण्याच्या काही दिवस आधी, ते स्वतः कोलंबियातून जाऊन आले होते. सुनीता विल्यम्स आज हयात आहेत त्यात या सावधपणाचा वाटा आहे, आणि हा मजकूर त्याच सावधपणाला भेकडपणा म्हणतो. आमच्या मुलीने हे टाळ्यांसाठी व्यासपीठावरून म्हणायचं?

शिवाय त्या बाईंना बिचारी करून टाकलंय ते वेगळंच. 22 सप्टेंबर 2024 ला त्यांनी स्थानकाची सूत्रं हाती घेतली. जानेवारी 2025 मध्ये दोनदा बाहेर पडून अवकाशात काम केलं. त्यांच्या सगळ्या स्पेसवॉकची बेरीज 62 तास 6 मिनिटांवर गेली आणि पेगी व्हिटसन यांचा महिलांमधला विक्रम मागे पडला. 286 दिवस त्या तिथे होत्या आणि काम करत होत्या. घरच्यांपासून दूर राहणं सोपं नसणारच. पण डिसेंबर 2022 मध्ये सोयुझ या रशियन यानातून ते थंड ठेवणारं शीतक गळालं म्हणून अमेरिकी अंतराळवीर फ्रँक रुबियोंचा सहा महिन्यांचा मुक्काम 371 दिवसांवर गेला, तेव्हा त्यांच्यावर राजकारणाचा एकही मजकूर आमच्या ग्रुपवर फिरला नव्हता.

राजकारणच करायचं असेल तर जाब विचारायची जागा दुसरी आहे. सप्टेंबर 2014 मध्ये, ओबामांच्या काळात, बोइंगला 4.2 अब्ज डॉलर आणि स्पेसएक्सला 2.6 अब्ज डॉलरचं कंत्राट मिळालं. डिसेंबर 2019 मध्ये, ट्रम्प यांच्या काळात, स्टारलायनरची माणसांविना पहिली चाचणी फसली, ते स्थानकापर्यंत पोहोचलंच नाही. बायडेन यांच्या काळात थ्रस्टर बंद पडले. तीन राष्ट्राध्यक्ष झाले, कंपनी एकच. जास्त पैसे घेऊन ती मागे का राहिली, हा प्रश्न ‘सुटके’च्या गोष्टीखाली पार दडपला गेला. नोव्हेंबर 2025 मध्ये नासाने ते कंत्राटच आवरतं घेतलं. सहा मोहिमांच्या चार केल्या आणि पुढचं स्टारलायनर माणसांविना, फक्त सामान घेऊन जाईल असं ठरवलं.