निबंधाच्या पुढचे सहा महिने

मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. अल्पवयीन चालकाला काही तासांत जामीन मिळाला आणि अटीतला 300 शब्दांचा निबंध घरोघरी पोचला. तेव्हापासून वाद एकाच खुंट्याभोवती फिरतोय: सोळा-सतराच्या पोराला सज्ञान धरायचं की नाही? इंग्लंडमधून हे वाचताना वेगळंच काही खटकतं. बाल न्याय मंडळाने आदेश दिल्यावर पुढचे सहा महिने या मुलांचं काय होतं, हे विचारायचं काम आपल्याकडे गावाने निवडून दिलेल्या कोणाचंच नाही.

इंग्लंड मवाळ आहे असं समजू नये. इथे दहाव्या वर्षापासून मूल गुन्ह्याला जबाबदार धरलं जातं. पण 1998 च्या कायद्याने कौन्सिलवर, म्हणजे इथल्या महापालिकेवर, अशा मुलांसाठी पथक चालवायची सक्ती केली. त्यात समाजसेवक, पोलीस, प्रोबेशन अधिकारी, शिवाय आरोग्य आणि शिक्षण विभागाचा माणूस असायलाच हवा. दरवर्षी आराखडा करायचा आणि नगरसेवकांच्या छाननी समितीला त्यावर प्रश्न विचारता येतात. 2013 पासून तर खटला चालू असताना मुलाला कोठडीत ठेवलं, की त्याचं बिलही कौन्सिलकडे येतं. सरकार अनुदान देतं. कमी पडलं तर पदरचे घाला. पदरचे जायला लागले की माणसं फाइल उघडून बघतात.

ही छाननीही फसते, आणि बहुतेकदा एकाच आकड्यावर: पुन्हा गुन्हा करणाऱ्यांचा टक्का. मुलाकडे 12 महिने लक्ष ठेवतात, मग कोर्टाच्या निकालांसाठी आणखी 6 महिने थांबतात. आकडा समितीपुढे येईपर्यंत शिळा झालेला असतो. दुसरी गोम हिशेबातच आहे. समजा पथकाकडे 100 मुलं होती, 35 जणांनी पुन्हा गुन्हा केला. पुढे किरकोळ प्रकरणं कोर्टाबाहेरच मिटायला लागली, पथकाकडे 40 अवघड मुलं उरली आणि त्यातली 18 पुन्हा सापडली. टक्का 35 वरून 45. सभागृहात आरडाओरडा. प्रत्यक्षात पुन्हा गुन्हा करणारी पोरं जवळपास निम्म्यावर आलेली! मुरलेला सदस्य म्हणून टक्का बाजूला सारतो. आरोग्य विभागाची जागा किती महिने रिकामी आहे? शाळेच्या वयाच्या किती मुलांना आठवड्याचे 25 तास शिक्षण मिळतं? बैठकीला पोलिसांकडून कोण येतं, निर्णय घेणारा की नुसतं टिपून नेणारा?

आपल्याकडे कायदा तोकडा नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्यात परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याने 15 दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा आहे. चौकशी साधारण 4 महिन्यांत संपवायची आहे. तपासणी समितीने निरीक्षणगृहाला, म्हणजे रिमांड होमला, तीन महिन्यांतून एकदा तरी जायचं, आठवडाभरात अहवाल द्यायचा. पण तो जातो जिल्हाधिकाऱ्याकडे. महापालिकेत महिला व बालकल्याण समिती असते, मात्र तिची चर्चा शिलाई मशीनच्या वाटपापलीकडे गेली तर नवल. शहरातली किती मुलं रिमांड होममध्ये आहेत, हे तिला सांगायला कोणी बांधील नाही.

नगरसेवकाला यात आणलं तर तो कोणाच्या तरी पोरासाठी फोन फिरवेल, ही भीती रास्तच आहे. इथे इंग्लंडमध्ये तिच्यावरचा तोडगा साधा आहे: समितीपुढे एकही नाव, एकही प्रकरण येत नाही. एखाद्या भागात दोन-तीनच मुलं असली तर तो आकडासुद्धा झाकतात, कारण गल्लीत ओळख पटायला तेवढं पुरतं. मुलाची ओळख उघड करायला आपल्या कायद्याच्या कलम 74 मध्येही मनाई आहेच.

तेव्हा महापालिकेच्या समितीपुढे सहा महिन्यांतून एकदा एक पान आलं तरी पुरे: मंडळापुढे आलेली मुलं, 15 दिवसांत पोचलेले अहवाल, 4 महिन्यांवर लांबलेल्या चौकशा, परिविक्षा अधिकाऱ्यांची मंजूर आणि भरलेली पदं, शाळेत परत बसलेली मुलं. या शेवटच्या रकान्यासाठी महापालिकेला मंत्रालयाकडे बघायचंही कारण नाही. तिच्या शाळेत अशा पोराचा प्रवेश अडलाच, तर ज्या मुख्याध्यापकाच्या टेबलावर अडतो तो तिच्याच पगारावर आहे.